कंपनीतली सावड

माझं शिक्षण चौथी. तेही चौथीत दोनदा बसून. त्यामुळे "मावशी, तुम्ही मार्गदर्शक व्हा" असं कोणी म्हणालं तेव्हा मला वाटलं, बाहेरून आलेल्या पाहुण्यांना गाव दाखवायचं काम असेल. मी लगेच हो म्हटलं. गाव दाखवायला अर्धा तास पुरतो.

म्हणणारी होती शहापूरच्या एका संस्थेतली ताई. दोन हजार सालाच्या पुढची गोष्ट. मुरबाडला कारखाने होतेच, आसनगावच्या बाजूला हायवेला गोडाउनं उठत होती आणि गावोगाव दहावी-बारावी झालेली पोरं पारावर बसून होती. संस्था त्यांना काही महिने कॉम्प्युटर आणि चारचौघांत बोलायला शिकवायची आणि कुठेतरी चिकटवून द्यायची. चिकटवलेली पोरं महिन्याभरात गळून पडायची. म्हणून संस्थेने ठरवलं, की कामाला लागणाऱ्या प्रत्येक पोरामागे एक जाणतं माणूस द्यायचं. त्याने पोराला सांभाळायचं, दोन गोष्टी सांगायच्या. पैसे नाहीत, चहा आहे.

मी जाणती आहे हे ताईला शहापूरच्या बाजारात कळलं. मी तिथे भेंडी-काकडी घेऊन बसायचे. शिवाय आवणीच्या दिवसांत भाताची रोपं लावायला बायकांची टोळी जमवायचं काम माझ्याकडे असायचं. त्या दिवशी टोळीतली एक बाई, जी सकाळी कामाला आली नव्हती, ती नेमकी माझ्यासमोरून नवी साडी नेसून चालली होती. मी तिला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते संपल्यावर शेजारी उभी असलेली ताई म्हणाली, "मावशी, तुमच्यात नेतृत्व आहे."

मी म्हटलं, "भेंडी पण आहे. किती देऊ?"

माझा मुलगा रोज आसनगावहून लोकलने मुलुंडला कामाला जायचा. रात्री त्याला सांगितलं तर तो जेवता जेवता हसायला लागला. "आई, तुला नोकरीतलं काय कळतं? माझा पास संपला की मी चिडतो, एवढंच तुला माहीत."

"माणसं कळतात मला," मी म्हटलं. हे मी फार तोऱ्यात म्हटलं होतं.

आम्हा मार्गदर्शकांचं शिबिर शहापूरला एका हॉलमध्ये झालं. बाकीचे सगळे शिकलेले. एक निवृत्त गुरुजी, एक बँकेतले, एक औषधाच्या दुकानाचे मालक. मी एकटी अशी, जी पिशवीत उरलेल्या काकड्या घेऊन आली होती. ताईने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "आधी ऐका." म्हणाली, मार्गदर्शकाने तयार उत्तरं द्यायची नसतात. प्रश्न विचारायचे, म्हणजे उत्तर मुलाला स्वतःलाच सापडतं. मला हे आवडलं नाही. उत्तर माहीत असताना प्रश्न विचारणं म्हणजे पोलिसाचं काम.

दुपारी वरण-भात, बटाट्याची भाजी आणि जिलबी होती. जेवणानंतर कंपनीचे नियम सांगितले. बाजारात बसून बसून मला उघड्या डोळ्यांनी झोपता येतं, तशी मी झोपले. ताई नंतर म्हणाली, "मावशी किती लक्ष देऊन ऐकत होत्या." त्या झोपेत काय निघून गेलं ते पुढे कळलं.

माझ्या वाट्याला आली ती शेजारच्या गावातली मुलगी. बारीक, तेल लावून घट्ट वेणी, आणि नजर जमिनीवर. घरी ती आणि आई, दोघीच. मुरबाडला औषधाच्या काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या एका कंपनीत तिला घेतलं होतं. काम तपासणीचं. पट्ट्यावरून बाटल्या पुढे सरकतात, मागे उजेडाची पाटी असते. काचेत काळा ठिपका, बुडबुडा किंवा चीर दिसली की ती बाटली बाजूला काढायची. पहिले तीन महिने कच्चे. काम पसंत पडलं तर ठेवणार, नाही तर घरी.

ती पहिल्यांदा माझ्या ओटीवर आली तेव्हा मी फळा आठवून प्रश्न विचारला. "तुला आयुष्यात काय करायचंय?"

"बसून काम करायचंय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझ्या आईला बघितलंत ना तुमी? सरळ उभी रायली तरी वाकलेलीच दिसते. मला आवणीला वाकायचं नाय, आजी. कंपनीत स्टूल आहे. मला त्या स्टुलावरून उठायचं नाय."

मी स्वतः तेव्हा पुढे बघण्यापेक्षा खालीच जास्त बघत चालायचे. तिला सांगितलं नाही, पण जरा लागलं. मग मनात म्हटलं, बरोबर आहे पोरीचं. हिचं स्टूल टिकवायचं. एवढंच आपलं काम.

आणि मी मार्गदर्शन सुरू केलं.

पहिलं सांगितलं, "सगळ्यांच्या आधी जा. उशिरा येणाऱ्याला कोणी विचारत नाय." ती कंपनीची गाडी सोडून पहाटेच्या एसटीने गेली. गेट बंद होतं. वॉचमनने तिला आपल्यातला चहा दिला आणि विचारलं, घरी भांडून आलीस काय गो?

दुसरं सांगितलं, "कामावर गेलीस की मोठ्याने बोल. लोकांना कळलं पायजे माणूस आलं." शेतात या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी लागते, म्हणून सांगितलं. कंपनीत तिच्या शेजारची मुलगी एका हातावर होती. सुपरवायझर बाईने पहिल्याच आठवड्यात हिला ओरडा दिला.

तिसरं सगळ्यात चांगलं होतं. "हात मोकळा ठेवू नको. आपलं काम संपलं तर दुसरं शोध." एकदा पट्टा थोडा वेळ थांबला तर या गुणी मुलीने झाडू शोधून काढला आणि खोली झाडायला घेतली. धूळ उडाली ती तपासून ठेवलेल्या बाटल्यांवर बसली.

दर वेळी ती येऊन सांगायची आणि मी म्हणायचे, "होतं असं. नवीन जागा आहे." माझ्या सल्ल्यामुळे होतंय असं मला वाटत नव्हतं. पोरगी अजून शिकतेय, असं वाटत होतं.

आता सावडीचं सांगायला हवं. आमच्याकडे आवणीला मजूर लावून कोणाला परवडत नाही. त्यामुळे आज सगळ्या बायका तुझ्या शेतात, उद्या माझ्या, परवा तिसरीच्या. याला सावड म्हणतात. सावडीला सुट्टी नसते. ताप आला, पाहुणे आले, नवरा रुसला, काही झालं तरी आपल्या घरचं एक माणूस शेतात उभं राहिलं पाहिजे. आपण नाही तर सासू, सासू नाही तर नणंद. दुसरं माणूस पाठवलं की कोणी काही बोलत नाही. पाठवलं नाही तर पुढच्या वर्षी आपल्या शेतात कोणी उतरत नाही. माझं सगळं आयुष्य या एका नियमावर चाललं, आणि तो नियम मी पोरीला रोज ऐकवायचे. "काम रिकामं ठेवायचं नाय. आपण नाय तर आपलं माणूस."

तिच्या कंपनीतल्या कच्च्या महिन्यांतच आवणी आली. गावच्या बायकांनी तिच्या घरचं शेत लावून दिलं, कारण पाऊस तिच्याच खाचरात आधी साठला. आता परतफेडीची पाळी होती. आणि तिची आई बांधावरून घसरली. हात मनगटात मोडला. मुरबाडला नेऊन प्लास्टर घातलं.

संध्याकाळी पोरगी माझ्याकडे आली. रडत नव्हती. "आजी, उद्या आईच्या सावडीला कोण जाणार? घरात मीच आहे. आणि उद्या कंपनी पण आहे. काय करू?"

मला फळा आठवला. "तुला काय वाटतं?"

"मला वाटलं असतं तर मी इथं आली असती का?"

म्हणजे उत्तर देणं भाग होतं. कामं दोन होती, एक शेतातलं, एक कंपनीतलं. बायकाही दोन होत्या, ती आणि मी. वाटणी सोपी होती आणि मी ती लगेच केली.

"तू सावडीला जा," मी म्हटलं. "मी तुझ्या जागी कंपनीत जाते."

"तुमी?"

"का? ज्यांनी तुमचं शेत लावलं त्यांना घरचंच माणूस पायजे. परक्या बाईला पाठवलं तर म्हणतील, पोरगी कंपनीत गेली आणि शेफारली. कंपनीला काय, बसून बघायचंच तर आहे. माणसाच्या जागी माणूस."

"चालंल त्यांना?"

"न चालायला काय झालं? नेतृत्व आहे माझ्यात."

तिने थोडा वेळ विचार केला आणि गळ्यात घालायचं कार्ड मला दिलं. त्यावर तिचा फोटो होता. मी म्हटलं, पदर त्याच्यावर घेईन.

खरं सांगायचं तर मला कंपनी बघायची होती. ती येऊन टोपीचं सांगायची, कॅन्टीनच्या चहाचं सांगायची. पंख्याचं तिने कधी सांगितलं नव्हतं, पण कंपनी म्हटल्यावर पंखा असणारच, असा माझा हिशेब. जन्मभर पाठीवर ऊन-पाऊस घेतला, एक दिवस पंख्याखाली बसायला काय हरकत? शेजारणीला जाता जाता मी हे बोललेही. ते बोलायला नको होतं.

सकाळी नाक्यावर कंपनीची गाडी आली. आतल्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी सांगितलं, हिची आई पडली, ती सावडीला गेली, मी बदली आले. सगळ्या आसपासच्या गावांतल्या. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. एक फक्त म्हणाली, "आजी, खिडकीत बसा, तुमाला गाडी लागंल."

गेटवर वॉचमन होता तो धसईच्या पलीकडचा. त्याने माझ्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं. "बदली काय?"

"बदली."

"कोण आजारी?"

"आईचा हात मोडला."

"च्च. जा आत. पाय पुसून जा."

सांगायचा मुद्दा, आम्ही सगळे सारखेच होतो. त्या गेटातून मला आत सोडताना त्याच्या मनात शंकासुद्धा आली नाही.

आत मला टोपी घातली, ती माझ्या अंबाड्यावर बसेना. साडीवरून अ‍ॅप्रन घातला तर मी बांधलेल्या भाताच्या पेंढीसारखी दिसायला लागले. सुपरवायझर बाई कुठल्याशा मीटिंगला गेली होती. पोरींनी मला स्टुलावर बसवलं. मी आधी वर बघितलं. पंखा नव्हता. पंख्याने धूळ उडते, शेजारची म्हणाली. स्टुलाला पाठ पण नव्हती.

"काळा ठिपका दिसला की बाजूला काढायची बाटली," तिने शिकवलं. "बाकी जाऊ द्यायच्या."

पट्टा सुरू झाला. पहिली बाटली आली. ठिपका. बाजूला काढली. दुसरी आली. तिच्यातही ठिपका. तिसरी, चौथी, सगळ्यांत ठिपके. कुठे एक, कुठे दोन. मी दोन्ही हातांनी काढायला लागले. आवणीचा हात आहे, चपळ चालतो. क्रेट भरला. दुसरा मागवला. मनात म्हटलं, या पोरी इतके दिवस काय बघत बसल्या होत्या? औषधात घाण जात होती आणि कोणाला पत्ता नाही. आज मी आले म्हणून निघाली. साहेब मला आता बोलावतील.

शेजारची म्हणाली, "आजी, एवढ्या खराब नसतात गो."

"तुमचं लक्ष नसतं. बाटल्या कमी आणि गप्पा जास्त."

ती गप्प बसली. पोरी म्हाताऱ्या माणसाला उलट बोलत नाहीत, हा आमच्याकडचा एक मोठा दोष आहे.

तिसरा क्रेट भरत आला तेव्हा सुपरवायझर बाई परत आली. तिने क्रेट बघितले आणि ती धावत गेली. मग मशीन थांबलं. एवढा मोठा आवाज एकदम बंद झाला की माझ्या कानात गुणगुण सुरू झाली. साहेब आले. तरुण होते, नाशिककडचे, डोक्यावर टोपी. त्यांना वाटलं, काचच बिघडली, अख्खा माल गेला. त्यांनी माझ्या क्रेटमधली एक बाटली उचलून उजेडासमोर धरली. फिरवली. दुसरी उचलली. मग माझ्याकडे बघितलं.

"मावशी, यात ठिपका कुठे आहे?"

"हा काय." मी बोट लावलं.

त्यांनी बाटली उलटी केली. "आता कुठे आहे?"

"तिथंच."

त्यांनी बाटली खाली ठेवली आणि रिकामा हात समोर धरला. "आणि आता?"

मी बघितलं. ठिपका तिथेच होता. हातावर होता. हाताच्या मागे त्यांच्या शर्टावर होता. मी मान फिरवली तसा तो भिंतीवर गेला.

"तुमच्या शर्टावर पण आहे," मी म्हटलं.

सगळ्या पोरी अ‍ॅप्रनमध्ये तोंड घालून हसायला लागल्या. शहापूरच्या डॉक्टरने मला मागेच सांगितलं होतं, आजी, डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या. मी त्याला म्हटलं होतं, मला सुटे पैसे दिसतात, मला काही झालेलं नाही.

साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी मला बाहेर खुर्चीवर बसवलं. या खुर्चीला पाठ होती, वर पंखाही होता. पण आता पंख्यात माझं मन नव्हतं. मी कोण, इथे कशी, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. सावड, आई, मनगट, आपण नाही तर आपलं माणूस.

"तिने सुट्टी का नाही मागितली?" त्यांनी विचारलं.

मी खुर्चीत पुढे सरकले. "मागता येते?"

"म्हणजे काय? आईचा हात मोडला असं सांगितलं असतं तर दिली असती. हे संस्थेत शिकवत नाहीत का?"

"शिकवलं असंल," मी म्हटलं. "जेवणानंतर."

त्यांना ते कळलं नाही. मला कळलं. आमच्या दोघींच्या डोक्यात सुट्टी हा शब्दच आला नव्हता. काम सोडून घरी राहायचं आणि वर ते सांगून राहायचं, ही लाजेची गोष्ट, असंच आम्ही दोघी धरून चाललो होतो.

"मावशी, इथे माणसाच्या जागी माणूस चालत नाही," साहेब म्हणाले. "तुमचा हात पट्ट्यात गेला असता तर? कार्ड तिचं, हात तुमचा. मी कोणाच्या घरी जाऊन सांगायचं?"

हाताचा विचार मी केला नव्हता.

"उद्या तिला स्वतःला येऊ दे. ठेवायचं की नाही ते मग बघू."

बाटल्या पुन्हा सगळ्या तपासाव्या लागल्या. त्यासाठी पोरींचा चहा गेला. मी टोपी काढून दिली तेव्हा शेजारची म्हणाली, "आजी, परत येऊ नका हां." वाईट मनाने म्हणाली नाही.

मी एसटीने परत आले आणि नाक्यावरून थेट शेतावर गेले. बायका रांगेने वाकून लावत होत्या. पोरगी शेवटच्या टोकाला होती, चिखलात गुडघ्यापर्यंत. मला हळू बोलता येत नाही, त्यामुळे बांधावरून जे सांगितलं ते अख्ख्या सावडीने ऐकलं. बाटल्या, डोळे, साहेब, उद्या बोलावलंय, ठेवतील की नाही माहीत नाही.

ती सरळ झाली. कंबरेवर एक हात ठेवून सरळ झाली, अगदी तिची आई होते तशी. माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तुमी शेतात का नाय आल्यात? मी कंपनीत गेली असती."

रोपं लावणारे सगळे हात थांबले.

सांगते, आयुष्यभर मी टोळीला कामं वाटून दिली. कोणी रोपं उपटायची, कोणी लावायची, कोणी रोपांच्या मुठी पोहोचवायच्या, बघताक्षणी सांगायचे. आणि दोन कामं, दोन बायका, हे मला वाटता आलं नव्हतं. जी वाकायचं नाही म्हणून माझ्याकडे आली तिला मी वाकायला पाठवलं, आणि तिच्या स्टुलावर स्वतः जाऊन बसले. तिथल्या कोणाही बाईला माझी आवणी चालली असती. ती शेतं माझ्या हाताला माहीत होती.

शेताच्या मालकिणीने शेवटी तोंड उघडलं. "म्हातारीला पंखा बघायचा होता गो."

सगळ्या हसल्या. शेजारणीने काम केलं होतं. पोरगी हसली नाही. तिने हातातली मूठ लावून संपवली, बांधावर चढली, पाय धुतले आणि माझ्याशी न बोलता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली आणि मी सावडीत उतरले. बायकांना दिवसभर तेच. "अगो मार्गदर्शक, जरा सरकून लाव." "मार्गदर्शक बाई, यात ठिपका दिसतोय का?" मी ऐकून घेतलं. फळ्यावर लिहिलेलं पहिल्यांदा पाळलं असेन तर त्या दिवशी. मान खाली होती तरी कान नाक्यावरच्या गाडीकडे होते. मी स्वतःला सांगत होते, पोरीला काढलं तर काढलं, दुसरीकडे लागेल. पण ही कच्च्यातूनच काढलेली, आणि तीही अशा कारणाने. हिला दुसरीकडे कोण घेणार, हेही मला कळत होतं.

संध्याकाळी ती आली. माझ्या घरी नाही आली, मीच तिच्या घरी गेले. आई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी चुलीपाशी.

"काय झालं?" मी विचारलं.

"ठेवलंय," ती म्हणाली. "पण तीन महिने परत पहिल्यापासून. आणि तपासणीवर नाय. क्रेट उचलायला. दिवसभर उभं."

"उभं म्हणजे वाकलेलं तरी नाय," मी म्हटलं.

तिने चुलीवरून तोंड वर केलं. डोळे धुराने लाल होते, निदान मी तसं धरलं. "आजी, तुमी आता मार्गदर्शन नका करू."

तिची आई हसायला लागली आणि हात दुखला म्हणून ओरडली.

मी शहापूरला जाऊन ताईला सांगितलं, मला यातून मोकळं करा, माझ्यामुळे पोरीची बसायची जागा गेली. ताईने सगळं ऐकून घेतलं. तिला ऐकायची सवय होती. म्हणाली, "मावशी, हे तुम्ही पुढच्या शिबिरात सांगा." मला वाटलं थट्टा करते. पण तिने खरंच मला उभं केलं. तेही जेवणानंतर. माझी फजिती मी सांगितली आणि एकही माणूस झोपला नाही. तेव्हापासून दर शिबिरात तेच. सुट्टी कशी मागायची हे बाकीचे सांगायचे, ती न मागता काय होतं हे मी. दुसरा कोणी पोरगा किंवा पोरगी मात्र ताईने माझ्या हवाली केली नाही. ताई शहाणी होती.

पोरीच्या आईची राहिलेली सावड मी फेडली. पोरगी पाऊस संपेपर्यंत क्रेट उचलत उभी होती. घरी आल्यावर पाय गरम पाण्यात बुडवून बसायची. माझ्याशी बोलायची, पण कंपनीचं नाही. तेही बरंच, कारण तिने काही सांगितलं असतं तर मी नक्की काहीतरी सुचवलं असतं. दिवाळीनंतर तिला परत तपासणीवर घेतलं. ते तिने येऊन सांगितलं नाही. तिच्या आईकडून कळलं. पण त्याच आठवड्यात ती माझ्या ओटीवर आली आणि म्हणाली, "आजी, उद्या मला सुट्टी आहे. मागून घेतलीय. चला, तुमचे डोळे करून येऊ." मी नको म्हणत होते. तिने माझी पिशवी उचलली आणि नाक्याकडे चालायला लागली. पिशवीत माझे पैसे होते, मग मला जावंच लागलं.

पुढच्या वर्षी आवणीला तिने पुन्हा सुट्टी मागितली. मिळाली. मला वाटलं, आईच्या मदतीला येईल. सकाळी तिच्या शेतात सगळ्या बायका उतरल्या, मी उतरले, तिची आई उतरली. पोरीचा पत्ता नाही.

"कुठंय गो ती?" मी विचारलं.

"निजलीय," आई म्हणाली. "सुट्टी आहे तिला. उठवू नका."

दुपारी ती चहाची किटली घेऊन आली. डोक्यावर छत्री, पायात कोरड्या चपला. बांधावरच उभी राहिली, खाली पाय टाकला नाही. बायकांनी वर येऊन चहा घेतला, तिची चेष्टा केली. साहेबीण आली, म्हणाल्या. ती हसली. मी हातातली मूठ संपवून मग चहा घ्यायचं म्हणून लावतच होते. ती छत्रीखालून बघत राहिली. बाटल्या बघायची सवय लागलेले डोळे, ते कुठेही गेले तरी बघतातच.

"आजी," ती म्हणाली, "तुमची रांग वाकडी गेलीय."

मी बघितलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यामुळे सबब नव्हती. रांग वाकडीच होती. मी मधली रोपं उपटली आणि सरळ लावायला घेतली. ती बांधावर उभी राहून बघत होती, आणि किटलीतला माझा चहा गार होत होता.